लांब पल्ल्यासाठी माउंटन सायकल घेताय? आधी मागचं चाक बघा

माझी पहिली गिअरची सायकल मी रंग बघून घेतली. पुढे शॉक, मागे शॉक, एकवीस गिअर, जाडजूड टायर, आणि एवढं सगळं पंधरा हजारांच्या आत. तिसऱ्या महिन्यात ताम्हिणी घाट उतरताना मागचं चाक कुरकुरायला लागलं, मग डुलायला लागलं. सायकल एका टेम्पोत टाकून माणगावला आणली. तिथल्या मेकॅनिककाकांनी चाक उघडलं आणि दोन तुकडे झालेला एक्सल माझ्या हातावर ठेवला. म्हणाले, "शॉक दोन दिलेत तुम्हाला, पण चाक साध्या सायकलीचंच आहे की."

पुढची सायकल घ्यायला मी वर्षभर थांबलो आणि त्या वर्षात बऱ्याच जणांचं डोकं खाल्लं. त्यातून जे हाती लागलं ते खाली देतोय. हे साधारण ३५ ते ७० हजारांच्या सायकलींबद्दल आहे. दिवसाला ६०-१०० किलोमीटर, थोडा डांबरी, थोडा कच्चा, मध्ये एखादा घाट, असं ज्यांना फिरायचंय त्यांच्यासाठी. दगडांवरून उड्या मारायच्या असतील तर तुमची सायकल वेगळी, तुमचा सल्लागारही वेगळा.

१. आधी रस्ता ठरवा, मग सायकल

एका कागदावर येत्या वर्षात करायच्या तीन राइड लिहा. स्वप्नातल्या नकोत, खरोखर होतील अशा. माझ्या होत्या: सातारा–कास–बामणोली, भोरहून वरंधा घाट उतरून महाड, आणि दिघी ते जयगड असा फेरीबोटी पकडत कोकण किनारा. आता प्रत्येकीत कच्चा रस्ता किती ते मोजा.

कच्चा रस्ता दहा टक्क्यांच्या आत येत असेल तर स्पष्टच सांगतो, माउंटन सायकल घेऊ नका. हायब्रिड (रोड आणि माउंटनच्या मधली सायकल) घ्या, त्याच पैशात हलकी आणि वेगवान सायकल मिळेल. पण खडी पसरलेले, अर्धवट उखडलेले घाटरस्ते, मुरमाच्या वाटा, पावसाळ्यानंतरचे गावरस्ते हेच तुमचं खाद्य असेल तर पुढे वाचा. आणि हो, माउंटन सायकलवर ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड) होत नाही हे खोटं आहे. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, म्हणजे थांबे धरून ताशी पंधराच्या जरासं खाली. गुळगुळीत टायर घालून कित्येक जण ती याच सायकलींवर करतात.

२. पैशांची फोड

खिशात ५० हजार असतील तर सायकलीचं बजेट ४२ धरा. उरलेले आठ हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा, पंप, दोन ट्यूब, टायर लिव्हर, मल्टिटूल, कुलूप, चेनचं तेल आणि गादीवाली शॉर्ट यात जातात. शॉर्टला हसू नका. पहिल्या ८० किलोमीटरनंतर सायकलीबद्दल जेवढ्या तक्रारी येतात त्यातल्या निम्म्या खरं तर बैठकीच्या असतात.

दुकानात भाव विचारताना लक्षात ठेवा, २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय. जुन्या छापील किमतीचा बोर्ड दाखवला तर हा मुद्दा काढा.

३. माप. इथे तडजोड नाही

लागणारं साहित्य: एक जाड पुस्तक, भिंत, पेन्सिल, टेप. अनवाणी, पाठ भिंतीला लावून उभे राहा. पुस्तक दोन पायांच्या मध्ये, कणा वर करून, सायकलच्या सीटवर बसल्यासारखं घट्ट वर ओढा. पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर म्हणजे तुमच्या पायाची आतली लांबी.

तिला ०.८८३ ने गुणलं की पेडलचे दोन्ही आर्म ज्या आडव्या दांडीवर फिरतात तिच्या मध्यापासून सीटच्या वरच्या पृष्ठापर्यंतची उंची निघते. माझी लांबी ७८ सेंटिमीटर, म्हणून सीट ६८.९ वर. सुरुवात इथून करा, नंतर अर्धा-एक सेंटिमीटर इकडे तिकडे होतं.

फ्रेमचं माप कंपनीच्या तक्त्यावरून बघा. एकाचं मीडियम दुसऱ्याच्या स्मॉलएवढं असू शकतं. दोन्ही पाय टेकवून आडव्या दांडीवर उभं राहिल्यावर खाली किमान दोन इंच मोकळे हवेत. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सीटपासून हँडलपर्यंतचं अंतर. ते जास्त असेल तर तीन तासांनी मान आणि करंगळी दोन्ही बधिर होतात.

सापळा: "तुमच्या साइजची शिल्लक नाही, पण सीट खाली करून देतो." सीट खाली-वर होते, फ्रेमची लांबी होत नाही. दोन आठवडे थांबा, नाहीतर दुसरं दुकान गाठा. दोन मापांच्या मध्ये अडकलात तर लांब राइडसाठी लहान माप घ्या. लहान फ्रेमवर पुढचा स्टेम (हँडल धरून ठेवणारा आखूड तुकडा) बदलून लांबी वाढवता येते. मोठी फ्रेम आखूड करणं फारसं जमत नाही.

४. हार्डटेल, आणि चाक २७.५ की २९

या किमतीत मागचा शॉक नको. फक्त पुढे शॉक असलेल्या सायकलीला हार्डटेल म्हणतात, तीच घ्या. चांगला मागचा शॉक आणि त्याचे बिजागर महाग असतात. स्वस्तात मिळतो तो चढावर प्रत्येक पेडलमागे तुमची ताकद गिळतो आणि सायकलीचं वजन दोन-अडीच किलोंनी वाढवतो. अॅल्युमिनियम फ्रेमची चांगली हार्डटेल या गटात १३ ते १५ किलो भरते. काट्यावर घालून बघायला लाजू नका.

चाकाचा वाद तासन् तास चालतो. माझं मत असं: उंची साडेपाच फुटांच्या वर असेल तर २९, त्याखाली २७.५. मोठं चाक खड्ड्यावरून सहज जातं आणि लय धरून ठेवतं. छोट्या उंचीला मात्र ते हँडल फार वर आणतं. २६ इंची आता नवीन घेऊ नका. अडचण एकच, गावाकडच्या दुकानात २६ ची ट्यूब मिळते आणि २७.५ ची मिळत नाही. म्हणून दोन ट्यूब कायम बॅगेत.

५. पुढचा शॉक

लांब राइडला १०० मिलिमीटरचा प्रवास, म्हणजे शॉक दबायचं अंतर, पुरतो. १३०-१४० वाल्या सायकली दिसायला दणकट असतात, पण चढावर पुढचं चाक भरकटतं.

शॉक दोन जातींचे: स्प्रिंगचा आणि हवेचा. या गटाच्या खालच्या टोकाला सनटूर कंपनीचा एक्ससीटी किंवा एक्ससीएम सर्रास दिसतो, दोन्ही स्प्रिंगचे. वजन अडीच किलोच्या आसपास. वाईट नाहीत, पण स्प्रिंग साधारण ७०-८० किलोच्या माणसाला धरून बसवलेली असते. पन्नास-पंचावन्न किलोच्या रायडरखाली ती जेमतेम हलते. माझ्या बहिणीच्या सायकलीवर आम्ही वर्षभर समजत होतो की शॉक बिघडलाय. हवेच्या शॉकमध्ये छोट्या पंपाने तुमच्या वजनाप्रमाणे हवा भरता येते. सायकलवर नुसतं बसल्यावर १०० पैकी १५ ते २० मिलिमीटर दबायला हवा.

वजन ६० च्या आत असेल तर हवेच्या शॉकसाठी चार-पाच हजार जास्त द्या. नसेल तर तेच पैसे मागच्या चाकात आणि ब्रेकमध्ये घाला. लॉकआउटचं बटण मात्र हवंच. डांबरी चढावर शॉक बंद केला की सायकल एकदम शहाणी होते.

६. गिअर: आकडा नको, हिशेब करा

एकवीस, चोवीस, सत्तावीस हे आकडे विसरा. तुम्हाला हवा तो एकच आकडा: सगळ्यात हलक्या गिअरवर पेडलच्या एका फेरीत सायकल किती पुढे जाते. पुढच्या चक्रीचे दात भागिले मागच्या मोठ्यात मोठ्या चक्रीचे दात, गुणिले चाकाचा घेर. २९ इंची चाकाचा घेर सुमारे २.२९ मीटर.

पुढे ३२, मागे ५१ असेल तर ३२ ÷ ५१ × २.२९ = १.४४ मीटर. मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तर ताशी पाच किलोमीटरच्या थोडं वर. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर चढताना मागे पिशव्या लावल्या असतील तर तुम्ही याच वेगाने जाणार आहात, लाज वाटायचं कारण नाही. पुढे तीन चक्र्या (२२-३२-४२) आणि मागे ११-३२ असेल तर हाच आकडा १.५७ येतो, तोही चालेल. दोन मीटरच्या वर गेला तर ती सायकल घाटात तुम्हाला उतरून ढकलायला लावेल.

उताराची काळजी करू नका. ३२ आणि ११ वर ८० फेऱ्या मारल्या तरी ताशी ३२ किलोमीटर मिळतात. लांब राइडला त्याहून जास्त कुणाला हवंय?

पुढे एकच चक्री असलेली रचना आता सगळीकडे आलीय. नव्या माणसाला सोपी, कारण चेन पडायची कटकट कमी. पण तिची चेन आणि कॅसेट (मागच्या चक्र्यांचा संच) बदलायला आली की खिशाला कळतं. तीन चक्र्यांची आठ किंवा नऊ स्पीडची जुनी रचना स्वस्त पडते आणि तिचे पार्ट तालुक्याच्या गावी मिळतात. मी दोन्ही वापरल्यात. महिनाभराच्या दौऱ्याला निघालो तर जुनी नेईन.

गिअरचे पार्ट बनवणाऱ्या शिमानो कंपनीच्या मालिकांची उतरंड खालून वर अशी: टर्नी, अल्टस, एसेरा, अलिव्हिओ, डिओरे. २०२३ पासून अल्टस ते अलिव्हिओ या मधल्या जागी क्यूज ही मालिका येतेय. तिचे शिफ्टर (हँडलवरची गिअर बदलायची कळ) आणि डिरेलर (चेन एका चक्रीवरून दुसरीवर ढकलणारा भाग) जुन्या मालिकांशी जुळत नाहीत. म्हणजे एक पार्ट मोडला तर मित्राच्या खोक्यातला जुना लावू म्हणाल, तर नाही लागणार.

सापळा: मागच्या डिरेलरवर डिओरेचं नाव दिसलं की लोक भुलतात. कंपन्यांना हे ठाऊक आहे. नजर जिथे जाते तिथे भारी पार्ट, आणि शिफ्टर, चेन, हब (चाकाचा मधला भाग) यांत हात आखडता. प्रत्येक पार्टचं नाव वेगळं विचारा.

७. मागचं चाक

आता त्या मोडक्या एक्सलकडे येऊ. मागच्या चक्र्या चाकाला दोन पद्धतींनी बसतात. पहिली फ्रीव्हील: चक्र्या आणि त्यांची टकटक करणारी यंत्रणा असा पूर्ण गोळा हबवर आट्यांनी बसतो. या गोळ्याला जागा द्यायची म्हणून उजव्या बाजूचं बेअरिंग आत सरकतं आणि एक्सलचा बराच भाग आधाराशिवाय लोंबतो. सामानासकट तुमचं वजन, त्यात खड्ड्याचा दणका, म्हणजे एक्सल आधी वाकतो, मग तुटतो. दुसरी कॅसेट: टकटक करणारी यंत्रणा हबचाच भाग असते, चक्र्या नुसत्या वर सरकवतात, आणि बेअरिंग पार बाहेरच्या टोकाजवळ जातं. एक्सलला दोन्हीकडून आधार.

या किमतीत कॅसेटच हवी, चर्चा नको. ओळखायचं असं. मागे सात चक्र्या असतील तर बहुतेक फ्रीव्हील. आठ असतील तर दोन्हीपैकी काहीही. नऊपासून पुढे सहसा कॅसेट. खात्री करायची तर चाक उचलून पेडल उलटं फिरवा आणि सगळ्यात लहान चक्रीच्या आत बघा. पान्याच्या खाचा असलेली मधली रिंग चक्र्यांबरोबर फिरली तर कॅसेट. चक्र्या फिरल्या आणि खाचांचा भाग जागेवर थांबला तर फ्रीव्हील. दुकानदाराला हे करताना दिसलात की तो तुमच्याशी जरा वेगळ्या सुरात बोलायला लागतो, हा माझा अनुभव.

तिथेच असताना चाक कडेने धरून डावी-उजवीकडे हलवा. खडखड जाणवली तर बेअरिंग सैल आहेत. दोन-दोन स्पोक चिमटीत दाबून बघा, एखादी जोडी बाकींपेक्षा ढिली लागली तर चाक पुन्हा सरळ करून मागा.

८. ब्रेक

तेलाचे डिस्क ब्रेक घ्या, हायड्रॉलिक. केबलचे डिस्क ब्रेक सपाटीवर ठीक चालतात, पण वरंधा उतरताना दहाव्या वळणावर बोटं दुखायला लागतात आणि दुखऱ्या बोटांनी माणूस ब्रेक उशिरा दाबतो. शिमानोचे एमटी २०० या गटातले साधे ब्रेक आहेत आणि पुरेसे आहेत.

दोन गोष्टी कुणी सांगत नाही. एक, चाक काढलेलं असताना ब्रेकची लिव्हर दाबायची नाही. पिस्टन बाहेर येतात आणि चाक परत बसत नाही. सायकल एसटीच्या टपावर किंवा रेल्वेच्या पार्सल डब्यात टाकायची असेल तर पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याचा जाड तुकडा घाला. दोन, चेनला स्प्रे मारताना डिस्कवर उडाला तर पॅड तेल पितात आणि ब्रेक म्हशीसारखा ओरडतो. चेनला थेंबाचं तेल वापरा.

९. टायर आणि सराटे

दुकानातून सायकल येते ती उंच गोट्यांच्या टायरवर. चिखलात बरे, डांबरावर घरघर आणि दमछाक. मधली पट्टी सपाट आणि कडेला गोट्या असे २.१ ते २.२५ इंची टायर बदलून मागा, नवीन सायकलीवर दुकानदार फरकाची रक्कम घेऊन बरेचदा देतो. ७५ किलोच्या माणसाला डांबरी पट्ट्यावर ४० पीएसआयच्या आसपास, कच्च्यावर ३० पर्यंत.

आपल्याकडचा खरा शत्रू खडी नव्हे, बाभळीचा काटा आणि सराटा. माण-खटावकडे दिवाळीनंतर कडेच्या मातीत सायकल घातलीत की दोन्ही चाकांत चार-चार सराटे नक्की. ट्यूबमध्ये सीलंट (भोक आतून बुजवणारा द्रव) भरा. रिम ट्यूबलेस लावण्याजोगी असेल तर उत्तमच. व्हॉल्व्हही बघून घ्या: मोटरसायकलसारखा जाड असेल तर पेट्रोल पंपावर हवा मिळते, बारीक प्रेस्टा असेल तर दहा-वीस रुपयांचं पितळी अडॅप्टर खिशात हवं.

१०. चालवून बघा, पार्किंगमध्ये नाही

अर्धा तास मागा. एक चढ, एक गतिरोधक, एक खराब पट्टा. चढावर बसूनच हलक्यात हलक्या गिअरला या, चेन कुरकुरतेय का ऐका. उतारावर एकदा मागचा, एकदा पुढचा ब्रेक. हात, खांदे, मान सैल राहतात का बघा. हँडल फार रुंद वाटलं तर घाई करू नका, ते नंतर दोन्हीकडून कापून घेता येतं.

मागे कॅरिअर लावायचं असेल तर फ्रेमवर त्यासाठी स्क्रूची भोकं आहेत का ते आत्ताच बघा. मागच्या ब्रेकचा कॅलिपर (पॅड बसतात तो भाग) फ्रेमच्या त्रिकोणाच्या आत असेल तर कॅरिअर सरळ बसतं, बाहेर असेल तर नळी वाकवण्याचे उद्योग करावे लागतात.

११. कागद आणि एक छोटा तुकडा

दुकानातून निघताना हातात असायला हवं:

- फ्रेम नंबर लिहिलेलं जीएसटी बिल. नंबर बहुतेक पेडलचे आर्म जिथे फ्रेमला जोडतात तिथे खालच्या बाजूला कोरलेला असतो, सायकल उलटी करून स्वतः ताडून बघा.
- दुकानाचा शिक्का असलेलं वॉरंटी कार्ड. फ्रेम आणि पार्टची मुदत वेगवेगळी असते.
- फुकट सर्व्हिसिंग किती आणि कधीपर्यंत, हे बिलावर लिहून. तोंडी नको.
- हँगर, एक जास्तीचा.

हँगर म्हणजे मागचा डिरेलर ज्यावर लटकतो तो अॅल्युमिनियमचा तुकडा. सायकल उजव्या कुशीवर पडली की तो वाकतो किंवा मोडतो, डिरेलर वाचावा म्हणून तो मुद्दामच कमजोर केलेला असतो. पण प्रत्येक फ्रेमचा वेगळा. दुसऱ्या कंपनीचा लागत नाही, आणि नेमकं मॉडेल बंद झालं की शोधत बसावं लागतं. घेतानाच मागा.

जुनी सायकल घेत असाल तर पहिलं बिल आणि फ्रेम नंबर जुळल्याशिवाय पैसे देऊ नका, मग विकणारा कितीही ओळखीचा असो. त्यात शॉकच्या चकचकीत नळ्यांवर बोट फिरवा. ओरखडे लागले तर भाव पाडा किंवा सोडून द्या.

१२. पहिले ५०० किलोमीटर

नवीन ब्रेक पहिल्या दिवशी लागत नाहीत. मोकळ्या रस्त्यावर वेग घेऊन वीस-पंचवीस वेळा हळूहळू थांबा, चाक जाम करू नका. नंतर ते धरायला लागतात. गिअरच्या केबल पहिल्या शंभर-दीडशे किलोमीटरमध्ये सैल होतात आणि गिअर आपोआप उड्या मारतात. सायकल खराब निघाली म्हणून घाबरू नका, शिफ्टरजवळची छोटी गोल चकती अर्धा फेरा डावीकडे फिरवा.

पहिल्या सर्व्हिसिंगला स्पोक ताणून घ्या आणि पेडलचे आर्म घट्ट करून घ्या. डावा आर्म हमखास ढिला होतो. माझा दुसऱ्या सायकलीवर बामणोलीच्या उतारावर ढिला झाला, ८ नंबरची ॲलन की बॅगेत नव्हती, आणि धक्क्यावर लाँचची वाट बघत बसलेल्या एका मोटरसायकलवाल्याच्या हत्यारांच्या पिशवीत ती निघाली. तेव्हापासून माझ्या बॅगेत दोन असतात.